बूस्टरच्या बाटलीत इंटरफेरॉन नसतं

पावसाळा उतरला की इंदूरात माझ्याकडे डेंग्यूचे तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहितो.

डेंग्यूचा डास रात्री चावतो ना?
मुख्यतः दिवसा, सकाळी आणि दिवस मावळायच्या सुमारास जास्त. दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी लावा.

अंग फार दुखतं, आयबुप्रोफेन घेऊ का?
नको. पॅरासिटामॉलच, तेही डोस डॉक्टरांना विचारून.

शेजारी सगळ्यांना ताप आहे. मेडिकलवाल्याने इम्युनिटी बूस्टर सिरप दिलंय, ते घेतलं तर डेंग्यू अंगावर निघून जाईल ना? (रामबाग)
नाही जाणार, आणि हे ऐकून ऐकून मला खरंच राग येतो. डास चावला की व्हायरस आधी कातडीतल्याच पेशींत शिरतो, तिथे आरआयजी-आय, एमडीए-५ अशी प्रोटीन्स पहाऱ्याला असतात, ती व्हायरसचा आरएनए (त्याचं जनुकीय साहित्य) ओळखतात आणि पेशी इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं प्रोटीन सोडते. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी शोधलं तेच हे. त्याने शेजारच्या पेशी सावध होतात, शेकडो जीन्स चालू करतात, कुणी व्हायरसचा आरएनए तोडतं, कुणी पेशीतलं प्रोटीन बनवणंच थांबवतं, मग व्हायरस वाढणार कशावर? ताप, अंगदुखी बरीचशी याच लढाईची. पण डेंग्यूच्या व्हायरसचं एनएस५ प्रोटीन पेशीतलं स्टॅट-२, म्हणजे हा निरोप पुढे नेणारं प्रोटीन, संपवतं आणि इंटरफेरॉनचा निरोप मधेच अडतो. यात सिरप काय करणार? उलट डेंग्यू गंभीर होतो तेव्हा बरेचदा शरीराचीच प्रतिक्रिया बेफाम झालेली असते, रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. तिथे वाढवायचं काय?

आणि बाटलीच्या भरवशावर दिवस जातात हो. एका मुलाचा चौथ्या दिवशी ताप उतरला, आईने आनंदाने पोहे दिले, दोन घासांत उलटी, माझ्याकडे आणला तेव्हा हात गार आणि सकाळपासून लघवी नाही. साधारण ३ ते ७ दिवसांत ताप उतरतो तीच वेळ सगळ्यात जपायची. पोटात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.

दुसऱ्या दिवशी एनएस१ (डेंग्यूच्या व्हायरसचं प्रोटीन शोधणारी रक्ताची टेस्ट) निगेटिव्ह आली, म्हणजे सुटलो?
नाही. टेस्ट चुकू शकते, आयजीएम ही अँटिबॉडी तर चौथ्या-पाचव्या दिवसानंतरच दिसायला लागते. डॉक्टरांना दाखवा.

एकदा डेंग्यू झालाय, आता परत नाही ना होणार?
होऊ शकतो. प्रकार ४ आहेत. दुसऱ्यांदा वेगळा प्रकार आला तर जुन्या अँटिबॉडीज त्याला पेशीत शिरायला मदत करू शकतात, म्हणून आधी झालेला असेल तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा.

प्लेटलेट ८० हजार, पपईच्या पानांचा रस देऊ?
रसापायी उलट्या वाढवून घेऊ नका. रक्त जात नसेल तर ८० हजाराला प्लेटलेट चढवतही नाहीत, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, वाढतंय का ते डॉक्टरांना बघू द्या.

कूलरचं पाणी काढलं, पुरे ना?
नाही. अंडी भिंतीला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने टिकतात. ब्रशने घासा, नळाला पाणी रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेली टाकीसुद्धा, आणि झाकण घट्ट लावा.