‘मॅडम, दिवसभर रीलमधलंच गातोय!’

हल्ली ही तक्रार इतके पालक माझ्याकडे सल्ल्याला घेऊन येतात की चेहऱ्यावरूनच ओळखू येते. मुलाला गाण्याच्या क्लासला घातलंय, सरांनी अलंकार, म्हणजे सरावाच्या स्वररचना, घोटायला दिलेत आणि पोरगं रीलमधल्या दोन ओळी घोळवत बसलंय. ‘कान बिघडला का हो?’ हा प्रश्न ठरलेला.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं एक कुटुंब असंच आलं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). दहा वर्षांचा मुलगा, आई आणि देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेतली मैफल न चुकवणारे आजोबा. “अल्लादियाखाँसाहेबांसारखे गवई शाहू महाराजांच्या पदरी होते, त्या गावात आमचा नातू हे असलं गातोय,” आजोबांनी बसता बसताच सुनावलं. आई म्हणाली, “ओरडले, मोबाईल काढून घेतला, तरी तोंडातनं जात नाही ओ. साथ आल्यागत झालंय.”

साथ म्हणणं अगदीच चूक नाही. १९७६ मध्ये रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञानं ‘मीम’ची कल्पना मांडली, तेव्हा एका डोक्यातून दुसऱ्यात उडी घेणाऱ्या गोष्टींच्या यादीत सुरावट पहिली होती. ओळ छोटी हवी, गळ्याला सोपी हवी आणि सारखी परत यायला हवी. हादग्याची गाणी अशीच तर पिढ्यान् पिढ्या पोचली, कुठल्याही क्लासशिवाय. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय यांनी मुलांचं संगीतशिक्षण उभं केलं तेही खेळगाण्यांवर आणि लोकगीतांवर.

राहिलं ओरडणं. ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असं सांगितलं की अस्वल हटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोगातून दाखवलं. कोल्हापुरात राहूनही मनातल्या विचाराशी कुस्ती लावायच्या मी विरोधात आहे.

सुरुवातीच्या भेटींत मुलगा गप्पच असायचा. एकदा सगळ्यांसमोरच म्हटलं, “गा बघू ती ओळ.”

बिचकत गायला. सुरात होता.

“पुढं?”

“पुढं काय नाही. तेवढंच असतंय.”

मला इथं धागा सापडला. घरच्यांना खटकत होतं ओळीचं चिकटणं, मला दिसलं तिचं अर्धवटपण. जे पुरं झालेलं नसतं ते मन सहजासहजी सोडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

“मग पुढचं तू कर. पेटीवर स्वर शोध, हवं तिकडं फिरून ये, पण परत ह्याच ओळीवर यायचं.”

पुढच्या वेळी तो खोडाखोड केलेली वही घेऊन आला. ओळ म्हटली, स्वतःच्या दोन ओळींनी वर चढला आणि फिरून जागेवर उतरला. आजोबांचा हात कधीचा मांडीवर ताल धरत होता. “समेवर आलास की रे!” ते बोलून गेले आणि अवघडले.

“तुमच्या बंदिशीत पण असंच असतंय की, आजोबा. तीच ओळ परत परत.”

मुखडा, म्हणजे फिरून जिच्यावर परत यायचं ती ओळ, पोरानं स्वतःच पकडला होता. हेच मी सांगितलं असतं तर ते व्याख्यान झालं असतं. योग्य वेळी गप्प बसणं मला जमतं, एवढी शाबासकी मी स्वतःला देते.

तेव्हा पालकांनो, ओळीवर बंदी नको. गाणं एकदा शेवटपर्यंत, शांत बसून ऐकवा. त्यातले स्वर मुलाला शोधू द्या, चुकले तरी चालतील. अंगठ्यानं सरकवत ऐकणं मात्र मी ऐकणं मानत नाही, आणि अलंकारांना सुट्टी नाहीच. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीत मुलं शिकायच्या चाली घरी रोज ऐकतात. तुम्हीही स्वयंपाक करताना एखादी बंदिश लावून ठेवा. ‘ऐक’ म्हणून सांगू नका.

निघताना आईनं विचारलं, “क्लासच्या सरांना हे कसं सांगू?”

“तुम्ही नका सांगू. त्यालाच गाऊन दाखवू दे.”