फोटो ठेवलेस, पत्रं कुठायत?

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस की पोर्टफोलिओत फक्त फोटो आणि थ्रीडी ठेवलेत, जुने मेल, क्लायंटचे मेसेज सगळं उडवलं कारण फोन भरला होता. तेव्हा मी गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

तुला तो ग्लासगोचा आर्किटेक्ट चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश आवडतो ना, उंच पाठीच्या खुर्च्यांवाला. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या इमारतीची 1896 ची डिझाइन स्पर्धा जिंकली गेली ती हनीमन अँड केपी या फर्मच्या नावावर, डिझाइन याचं आणि हा तिथे नोकरीला. तुझ्यासारखाच. पुढे नाव झालं, मग कामं आटली, 1914 मध्ये ग्लासगो सोडलं आणि शेवटी दक्षिण फ्रान्समध्ये जाऊन वॉटरकलर करत बसला. 1927 मध्ये बायको मार्गारेट उपचारांसाठी लंडनला गेली आणि हा पोर्त-वांद्रच्या हॉटेलात एकटा, तेव्हा तिला लिहिलेली पत्रं आज ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात आहेत. बरीचशी रोजचीच, दिवस कसा गेला, चित्र कुठवर आलं. पण एकात तो सरळ लिहितो की माझ्या आर्किटेक्चरमध्ये निम्मा, किंबहुना पाऊण वाटा तुझाच आहे. आता सांग, हे कुठल्या प्लॅनमध्ये दिसलं असतं?

(पत्रांनी त्याला गोत्यातही आणलं होतं म्हणा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहत असताना व्हिएन्नाच्या कलाकारांशी असलेल्या पत्रव्यवहारामुळे लोकांना तो हेर वाटला होता.)

त्याने डिझाइन केलेलं हिल हाऊस हे घर घे. मालक ब्लॅकी यांनी लिहून ठेवलंय की आतली मांडणी पक्की होईपर्यंत याने एलेव्हेशन, म्हणजे घर बाहेरून कसं दिसेल ते ड्रॉइंग, दाखवलंच नाही. मालकाने लिहिलं म्हणून आपल्याला कळलं, नाहीतर आपण नुसत्या फोटोंवर लाइक ठोकत बसलो असतो. त्याच घराला बाहेरून चुन्याऐवजी पोर्टलँड सिमेंटचा गिलावा आहे, त्याला बारीक भेगा गेल्या, पाणी आत शिरलं आणि सिमेंट चुन्यासारखं श्वास घेत नाही त्यामुळे ते आतच मुरत राहिलं. 2019 मध्ये अख्ख्या घरावर स्टीलच्या जाळीची पेटी उभारावी लागली, भिंती वाळाव्यात म्हणून. मोठ्या माणसाची चूकही मोठीच असते. तेव्हा कुठलं मटेरियल का घेतलं हे दोन ओळीत लिहून ठेवत जा, शंभर वर्षांनी दुरुस्तीला येणारा दुवा देईल.

आणि शंभर वर्षं कशाला, माझंच सांगतो. सुरुवातीला एका साइटवर क्लायंट जाता जाता म्हणाले ओटा दोन इंच वर घ्या, मी मान डोलावली, मिस्त्रीला सांगितलं, ग्रॅनाइट बसलं. आठवड्याने त्यांच्या मिसेस आल्या आणि विचारलं, हे कुणी सांगितलं? साहेब मोबाइलमध्ये बघत उभे. ग्रॅनाइट माझ्या खर्चाने फुटलं. तेव्हापासून साइटवरून निघालो की गाडीत बसूनच मेल टाकतो, आज अमुक ठरलं, अमुकने सांगितलं. व्हॉइस नोट नको, ती पुन्हा कुणी ऐकत नाही.

अजून एक, हे फोनवर बोलायला जमलं नसतं. त्या ऑफिसच्या जिन्याचा रेलिंगचं डिटेल ड्रॉइंग तुझं होतं आणि क्लायंटला गेलं ते माझ्या नावाने. आज सकाळी त्यांना तसं कळवलंय, तुला सीसीत घेतलंय. तो मेल तेवढा उडवू नकोस.