निधनाच्या बातमीवर अंगठा दाबला, आता काय करू?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अंबाजोगाईची. जिल्हा परिषदेच्या शाळेत 33 वर्षं शिकवलं, आता वय 64. दिवाळीला भाच्यानं फेसबुक उघडून दिलं आन् तो गेला पुण्याला. परवा आमच्या जुन्या हेडसरांच्या निधनाची बातमी आली, हार घातलेला फोटो होता, खालचा अंगठा मी दाबला, मला वाटलं वाचलं म्हणून दाबायचा असतो. नंतर शेजारची पोरगी म्हणाली, अहो मावशी त्याचा अर्थ आवडलं असा होतो! दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. त्याच्या आधी बहिणीच्या फोटोखाली तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं, पैशाची सोय झाली का, सगळं विचारून बसले, ते म्हणे सगळ्या पाव्हण्यारावळ्यांनी वाचलं, ती बोलंना झालीय. आता मोबाईल हातात घ्यायचीच धास्ती वाटायलीय. बंद करून टाकू का? आन् शिकले तरी मी तिथं लिहू काय?

– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : बंद नका करू बाई. आधी त्या अंगठ्याचं सांगते. त्याच अंगठ्यावर परत एकदा बोट टेकवलं की तो निघून जातो, आणि बोट तसंच दाबून धरलं की वर सात चिन्हं उघडतात, त्यात डोळ्यात पाणी आलेला चेहरा आहे, दुःखाच्या बातमीला तो. 2016 च्या आधी तर फेसबुकवर अंगठ्याशिवाय दुसरं काही नव्हतंच, निधनाच्या बातमीवरही सगळे तोच दाबायचे, त्यामुळे सरांच्या घरच्यांनी काही मनात धरलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. तुम्हाला चुटपुट लागलीय ती सरांबद्दल माया आहे म्हणून. मग तेच लिहा ना खाली, सरांची एखादी आठवण, दोनच ओळी. त्यांच्या घरचे त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचतील.

बहिणीचं म्हणाल तर असं बघा, आपल्याकडच्या जुन्या वाड्यात ढाळज असते ना, येणारा जाणारा तिथंच टेकतो. फोटोखालची कमेंट म्हणजे ढाळजेत बोलणं, आणि मेसेंजर किंवा व्हॉट्सअॅप म्हणजे आत माजघरात बसून बोलणं. पैसा, दुखणं, सोयरीक, हे माजघरातलं. ती कमेंट दाबून धरा, डिलीट असं येईल, ती काढून टाका, आणि बहिणीला मेसेज नको, सरळ फोन करा.

तुम्ही स्वतः काही टाकताना तुमच्या नावाजवळ एक छोटं चिन्ह दिसतं तेवढं बघत जा. पृथ्वीचा गोळा असेल तर जगात कुणीही वाचू शकतं, दोन माणसं असतील तर फक्त तुमच्या यादीतले. सध्या दोन माणसंच ठेवा. प्रोफाइल लॉक करायचीही सोय आहे, म्हणजे यादीत नसलेल्यांना तुमचे फोटो, लिहिलेलं दिसत नाही, शेजारच्या पोरीकडून ते आजच करून घ्या. आणि एक गोष्ट मात्र पक्की धरा, ओळखीच्या माणसाचा फोटो लावून खोटं खातं काढतात आणि अडचणीत आहे, पैसे पाठव म्हणतात, अशा वेळी त्या माणसाला फोन केल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही, मोबाईलवर आलेला ओटीपी तर पोटच्या पोरालाही सांगायचा नाही. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या सरकारी नंबरला, फोन लावा, जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवता यायची शक्यता जास्त.

आता लिहू काय म्हणता, त्याचं मला जास्त बोलायचंय. सकाळी उठून फुलांचे फोटो आणि सुविचार पुढं ढकलणारे पुष्कळ आहेत, तुम्ही त्यात पडू नका. तुमच्या आईच्या, सासूच्या जात्यावरच्या ओव्या आठवतात का? पारी नावाची खेड्यापाड्यातलं जगणं नोंदवून ठेवणारी वेबसाइट आहे, तिच्या संग्रहात अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवून ठेवल्यात, त्यात तुमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी गायलेल्या आहेत, बाबासाहेबांवरच्या. माझ्या आजीच्या कुणीच लिहून घेतल्या नाहीत, तिच्याबरोबर गेल्या, मला आजही त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून सांगते, आठवड्याला एक ओवी टाका, कुणाकडून ऐकली, तेव्हा जात्यात ज्वारी होती का डाळ, तेही लिहा. शाळेतलं लिहा, वेळा अमावस्येला वर्ग कसा निम्मा रिकामा व्हायचा, पोरं शेतात भज्जी आणि आंबिल खायला पळायची, ते वाचून मुंबई पुण्याला गेलेली तुमचीच पोरं खाली लिहायला लागतील, बाई मला ओळखलं का म्हणून.

टाइप करायचा कंटाळा आला तर कीबोर्डची भाषा मराठी करून माईकच्या खुणेवर बोट ठेवा आणि बोला, तो बोललेलं लिहून देतो. फक्त ओवीतले जुने शब्द त्याला कळत नाहीत, भलतंच काहीतरी उमटवतो, तेव्हा टाकायच्या आधी एकदा वाचून घ्या, वह्या तपासल्यासारखं. टाकल्यावर चूक दिसली तरी वरच्या तीन टिंबांवर जाऊन दुरुस्त करता येते.