रोज रात्री दोनच्या सुमारास सर्व्हर रेंगाळतो, सीपीयू मात्र रिकामा. लॉगमध्ये काय शोधू?

सीपीयू निवांत आणि तरी लोड अॅव्हरेज (चालू किंवा ताटकळलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) 20 च्या वर असेल, तर पहिला संशय डिस्कवर. लिनक्स लोड मोजताना डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही धरतं. 'टॉप' या कमांडमध्ये 'डब्ल्यूए'चा (डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा) आकडा फुगलाय का बघा, मग कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग उघडा. त्यात 'आय/ओ एरर' दिसली तर आधी बॅकअप तपासा, बाकी सगळं नंतर. एखादी प्रोसेस 120 सेकंदांहून जास्त अडकल्याची ओळ असेल तरी रोख डिस्ककडेच. 'आउट ऑफ मेमरी' असेल तर प्रकरण वेगळं: रॅम संपली आणि कर्नलने कुणाचा तरी बळी घेतला.

आता वेळेचं. माझे दोन दिवस यातच वाया गेले. मी लॉगमध्ये 02:00 च्या आसपास खोदत बसलो, तिथे चिटपाखरू नाही. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होता! आपले रात्रीचे दोन म्हणजे तिथे आदल्या तारखेचे 20:30. तिथे पाहिलं तर क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) दोन ओळी एकाच मिनिटाला: डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) आणि जुन्या फाइली झिप करणारी स्क्रिप्ट. दोघी एकाच डिस्कवर तुटून पडलेल्या. एकीला तासभर पुढे ढकललं, झालं.

क्रॉन निर्दोष निघाला तर मायएसक्यूएल डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग (रेंगाळणाऱ्या क्वेरींची नोंद) चालू करा. तो मुळात बंद असतो, आणि चालू केल्यावरही 10 सेकंदांची मर्यादा ओलांडणाऱ्या क्वेरीच टिपतो. ती 1 वर आणा.