सेल्फ वॉटरिंग कुंडीत लाल माती चालेल का? कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) घ्यायचं तर प्रमाण किती?

खाली पाण्याची टाकी आणि तिच्यातून वातीने पाणी वर चढतं, अशी ही कुंडी. तिच्यात लाल माती मूठभरही घालू नका. नर्सरीवाला देईल, घरातले वडीलधारे ‘मातीशिवाय झाड कसं वाढेल’ म्हणतील, तरी नको.

आमचे मोठे दीर दर उन्हाळ्यात गावाहून, गुहागरकडून, गोणीभर लाल माती आणतात. एका मे महिन्यात आम्ही बाहेरगावी होतो. मुलुंडच्या आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांमधलं मिश्रण त्यांनी ‘हा कसला भुसा’ म्हणून काढून टाकलं आणि माती ठासून भरली. खालची टाकी काठोकाठ. परत आले तर पुदिना काळा पडलेला, मोगऱ्याची पानं पिवळी, आणि कुंडी हलवली की कुजका वास. भाऊजींचं निदान असं, की प्लास्टिकच्या कुंडीत झाड जगतच नाही. गणपतीत चारचौघांत ते अजूनही हेच सांगतात.

गावच्या मातीला मी नावं ठेवत नाही. कोकणात पावसाचं पाणी उतारावरून वाहून जातं, जांभ्यातून खाली झिरपतं. वीतभर कुंडीत ते जाणार कुठे? त्यात खालून वात पाणी चढवतच राहते, समईत तेल चढतं तसं. बारीक कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. मुळं कुजतात ती हवेवाचून. तोच मोगरा मी मुळं धुऊन, सडकी छाटून पुन्हा कोकोपीटमध्ये लावला आणि पुढच्या उन्हाळ्यात तो कळ्यांनी भरला. हे मात्र भाऊजी कुणाला सांगत नाहीत.

प्रमाण: ३ डबे कोकोपीट, २ डबे परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), १ डबा गांडूळखत. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून त्याची दाबून केलेली वीट भिजवून दोन-तीनदा पाणी बदला आणि पिळून घ्या. परलाइट आधी ओलं करा, धूळ नाकात जाते. वात नायलॉनची, सुती कुजते. कोकोपीटमध्ये पोषण जवळजवळ नसतं, तेव्हा अधूनमधून पातळ खत द्यावंच लागतं.

कुंडी कुठल्या कंपनीची, याने फारसा फरक पडत नाही. टाकीला जास्तीचं पाणी बाहेर जायचं भोक हवं आणि पाणी ओतायच्या तोंडावर बारीक जाळी बसवा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. पाणी नेहमी खालून वरच चढत असल्याने पृष्ठभागावर क्षारांचा पांढरा थर येतो. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून तो धुवा आणि टाकी रिकामी करा. जून ते सप्टेंबर टाकी कोरडीच ठेवा, मुंबईच्या दमट हवेत वरचं वाळतच नाही. अडेनियम, कोरफड वगैरे कमी पाण्याची झाडं या कुंडीत लावूच नका.

एवढं करूनही घरात कुणी मातीचा हट्ट धरला, तर एक कुंडी त्यांच्या मातीची, एक या मिश्रणाची, दोन्हींत पुदिना लावा आणि दोन्ही टाक्या भरलेल्या ठेवा. भाऊजींना मी हे कितीदा सुचवलं, ते तयार होत नाहीत.