वाचकांचे प्रश्न : प्रश्नावली की निरीक्षण?

प्रश्न : मी पुण्यात लोकप्रशासन विषयात एम. ए. करते. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यानंतर दाखले मिळण्यातील विलंब कमी झाला का, यावर प्रबंध लिहायचा आहे. प्रश्नावली पुरेशी ठरेल का, आणि सिद्धान्ताचे प्रकरण केवळ रीत म्हणून लिहायचे का?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : प्रश्नावलीतून नागरिकांचे समाधान कळेल, विलंब कळेलच असे नाही. दाखला देण्यासाठी कायद्याने ठरवलेली मुदत परिपूर्ण अर्ज सादर झाल्यापासून मोजली जाते. म्हणून ‘रेशनकार्डाची झेरॉक्स जोडून आणा’ असे सांगून खिडकीवरूनच परत पाठवलेल्या अर्जाची आवक नोंदवहीत ओळही उमटत नाही आणि कागदोपत्री सारे वेळेत झालेले दिसते. तेव्हा परवानगी घेऊन आठवडाभर खिडकीजवळ बसा, परतलेली माणसे मोजा आणि तो आकडा नोंदवहीशी ताडून पाहा. (सोमवारची गर्दी चुकवू नका.)

सिद्धान्ताशिवाय मात्र काय मोजायचे हेच ठरणार नाही. प्रशासनाची तथाकथित तत्त्वे म्हणींसारखी परस्परविरोधी जोड्यांनी येतात, असे अमेरिकी प्रशासन-अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९४६ मध्ये दाखवले. आपल्याकडेही ‘शुभस्य शीघ्रम्’ आणि ‘अति घाई संकटात नेई’ सुखाने एकत्र नांदतात. म्हणून नुसत्या तत्त्वांवर भागत नाही. खिडकीवरचा कर्मचारी स्वतःच्या विवेकाने जे ठरवतो तेच प्रत्यक्षात धोरण बनते, हा अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ मायकेल लिप्स्की यांचा १९८०चा विचार तुमच्या विषयाला अधिक जवळचा आहे. तो आधी वाचा आणि मगच प्रश्नावली छापायला द्या.