लोणावळ्यात घर, पुण्यात नोकरी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पुण्यात भाड्याने राहतो. लोणावळ्यात तुंगार्लीला एक घर आवडलंय. तलाव जवळ आहे, हवा छान आहे, मुलगी चौथीत जाईल, तिच्यासाठी शाळाही पाहिली. माझं ऑफिस नळस्टॉपला, आठवड्याचे पाच दिवस, साडेनऊ ते सहा. पत्नीची नोकरी हिंजवडीत आहे, तिला आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं. मित्र म्हणतात, गाडी आहे ना, द्रुतगती मार्गाने तासाभरात पोहोचाल. हे रोज जमेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जमेल. मी नोकरीची सगळी वर्षं लोणावळ्याहून शिवाजीनगरला ये-जा केली, दोन मुलं त्याच काळात वाढवली आणि आजही इथेच राहते. तेव्हा हा विचार सोडून द्या, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण तुमच्या पत्रात तलाव आहे, शाळा आहे, गाडी आहे. घरापासून स्टेशन किती लांब, हे मात्र कुठेच नाही. माझ्या लेखी पहिला प्रश्न तोच.

रोजच्या जाण्यायेण्याचा आधार लोकलच. रुळांवरून पुणे ६४ किलोमीटर, आणि लोकलला साधारण एक तास वीस मिनिटं लागतात. १९७८ पासून ही लोकल धावते आहे. कामशेत-वडगावचे दूधवाले, आकुर्डी-पिंपरीच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारे कामगार, कॉलेजची मुलं, सगळा मावळ तिच्यावर अवलंबून आहे. सकाळी ती लोणावळ्यातून रिकामी सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. तळेगावला डबा भरतो, चिंचवडला दारातही पाय ठेवायला जागा उरत नाही, पण तुम्ही तोवर खिडकीशी बसलेले असता. खात्याच्या परीक्षांचा माझा सगळा अभ्यास त्याच खिडकीशी झाला.

तुमचं ऑफिस नळस्टॉपला आहे, हे फार बरं. शिवाजीनगरला उतरलात की मेट्रोचं स्टेशन बाजूलाच आहे. स्वारगेटच्या दिशेने एकच थांबा, सिव्हिल कोर्ट. तिथे गाडी बदलून वनाजकडे जाणारी घ्या, ती नळस्टॉपला सोडते. सिव्हिल कोर्टला भुयारी फलाटावरून वरच्या उन्नत फलाटावर चढावं लागतं, सरकते जिने असले तरी त्याला वेळ जातो, तो धरूनच निघा. लोकल पुणे स्टेशनपर्यंत जाणारी असेल, तर तिथून वनाजची मेट्रो थेट मिळते, बदलायची गरज नाही. मी नोकरीत होते तेव्हा ही सोय नव्हती. शिवाजीनगरपासून पुढची पीएमपी, म्हणजे शहर बस, मिळवताना जेवढी दमणूक व्हायची, तेवढी लोणावळ्यापासूनच्या प्रवासात होत नसे. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि लोणावळ्याच्या माणसाला पुण्याचा मध्यभाग खऱ्या अर्थाने जवळ आला.

साडेनऊला टेबलाशी असायचं, तर साडेसातच्या आसपासची लोकल हवी. म्हणजे सव्वासातच्या आत घराबाहेर. हे जमतं, सवय होते.

घर घेताना सगळे सकाळची गाडी बघतात. तुम्ही संध्याकाळची बघा. पुणे-लोणावळा दरम्यान येण्याजाण्याचे मिळून दोनच रूळ. त्यांवरूनच एक्स्प्रेस जातात, मालगाड्या जातात आणि लोकलही. एक्स्प्रेसला वाट द्यायला लोकल मध्येच उभी राहते. मुंबईसारखी एक गेली की लगेच दुसरी, असं इथे होत नाही. साहेबांनी सहाला निघता निघता एक कागद पुढे केला, की तुमची गाडी गेली आणि जेवायची वेळ तासभर पुढे. काही लोकल तळेगावपर्यंतच जातात, पाटी बघूनच चढा. काही शिवाजीनगरहूनच सुटतात. तुमच्यासाठी त्या सगळ्यात चांगल्या, कारण जागा मिळते. पुण्याहून आलेल्या लोकलमध्ये शिवाजीनगरला उभं राहावं लागेल आणि तळेगावनंतर बसायला मिळेल. लोणावळ्याहून यायला लागाल त्या पहिल्याच दिवशी ऑफिसात स्वच्छ सांगून ठेवा की अमुक वाजता मला निघावंच लागतं. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आणि दुपार. दुपारी गाड्या विरळ असतात. शाळेतून फोन आला, मुलीला ताप आहे, तर एक वाजता पुण्याहून निघून पटकन पोहोचता येईल असं धरू नका. म्हणून तुम्ही दोघंही गावात नसाल त्या दिवसांसाठी शाळेजवळ एखादं हक्काचं घर जोडून ठेवा. आमच्या शेजारच्या काकूंनी माझ्या मुलांना शाळेतून आणलं, भरवलं, झोपवलं. त्यांच्याशिवाय माझी नोकरी टिकली नसती. वेळापत्रकाआधी हे माणूस शोधा, असं मी अगदी मनापासून सांगते.

आता हिंजवडी. पत्नीचा प्रवास तुमच्यापेक्षा अवघड आहे, अंतर कमी असूनही. हिंजवडीला रेल्वे नाही. लोकलने आकुर्डी किंवा चिंचवडला उतरून पुढे बस किंवा रिक्षा करावी लागते. निगडीहून हिंजवडीला पीएमपीची बस आहे. लोणावळ्याहून जुन्या महामार्गाने एसटीने आल्यास निगडीला उतरता येतं, आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. त्यांच्या कंपनीची बस निगडी किंवा चिंचवडहून सुटत असेल, तर तीच धरावी. तीनच दिवसांचा प्रश्न असल्याने गाडी चालवायची ती त्यांनी, तुम्ही नाही. द्रुतगती मार्ग किवळ्याला संपतो, तिथून बाह्यवळणाने वाकड-हिंजवडी गाठता येते. लोणावळ्याहून हिंजवडीला जाणारे आणखी कोणी असतात, चार जणांनी एक गाडी केली तर खर्च वाटला जातो आणि सोबतही होते.

तुमच्या मित्रांचा तासाभराचा हिशेब किवळ्यापर्यंत बरोबर आहे. पुढे शहर लागतं, तिथे तास कुठे जातो कळत नाही. पैशांचंही बघा. जाऊन-येऊन १३० किलोमीटर. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर रोज साडेआठ-नऊ लिटर पेट्रोल. शंभराच्या वरच्या भावाने ते नऊशे रुपयांच्या आसपास जातं, आणि महिन्याचे बावीस दिवस धरले तर वीस हजार. टोल वेगळा. जुन्या महामार्गाने गेलात तरी वरसोली आणि सोमाटणे असे दोन टोलनाके आहेत. दुचाकीला द्रुतगती मार्गावर बंदी आहे, आणि जुन्या महामार्गावरून पावसाळ्यात, अंधारात, ट्रकांच्या मधून रोज दुचाकीने पुण्याला जाण्याचा विचार कोणी करत असेल, तर कृपया करू नका.

पावसाबद्दल सांगायलाच हवं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडणारा हा पाऊस. जून ते सप्टेंबर स्टेशनपर्यंत पायी जाणं म्हणजे भिजणं, आणि भिजलेल्या कपड्यांत दिवसभर ऑफिसात बसणं. एक कोरडा जोड आणि चपला ऑफिसच्या कपाटात कायमच्या ठेवा. शिवाय पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांनी गाव भरून जातं. तेव्हा स्टेशनपासून घरी रिक्षाने पोहोचायलाही वेळ लागतो आणि भाडं ठरवून घ्यावं लागतं.

म्हणून घराबद्दल माझं मत असं : तुंगार्लीचं घर सुंदरच असणार, पण भांगरवाडीत किंवा बाजाराच्या आसपास, स्टेशन पायी गाठता येईल असं एखादं घर बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. वळवणचं नाहीतर तुंगार्लीचं पाणी रविवारी चालत जाऊनही बघता येतं. आणि शक्य असेल तर आधी जुलै-ऑगस्ट इथे भाड्याने राहा. हिवाळ्यात पाहिलेलं लोणावळं सगळ्यांनाच आवडतं.

प्रश्न : मुलीला मुंबईत दादरला नोकरी लागली आहे. आमचं घर लोणावळ्यात. ती रोज घरून जाऊ शकेल का? मुंबईत राहणं फार महाग आहे.
– एक आई, लोणावळा

उत्तर : जाणारे आहेत, पण वर्षानुवर्षं असं जाताना माणूस फार झिजतो, हे मी जवळून पाहिलंय. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपर्यंतच येते, लोणावळ्यापर्यंत येत नाही. त्यामुळे तिचं सगळं सकाळच्या एक्स्प्रेसवर. सिंहगड आहे, १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन आहे. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते, म्हणजे लोणावळ्याला आठच्या पुढे आणि दादरला दहाच्या पुढे. मुलीची ऑफिसची वेळ साडेनऊची असेल तर ती गाडी उपयोगाची नाही, आधीचीच हवी.

खरी अडचण घाटाची. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. कर्जतहून वर येताना गाडीला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात, खाली उतरताना ब्रेक तपासायला थांबावं लागतं. हे वेळापत्रकात धरलेलं असतं. दरड धरलेली नसते. २०१९ च्या पावसाळ्यात घाटातल्या दरडी आणि रुळांच्या नुकसानीमुळे मुंबई-पुण्याच्या गाड्या कित्येक दिवस रद्द होत्या. नवी नोकरी, वरिष्ठांशी अजून ओळख नाही, आणि मुलगी पोहोचू शकत नाही, या स्थितीत तिला टाकू नका. मी तुमच्या जागी असते तर तिला सोमवार ते शुक्रवार मुंबईत एखाद्या महिला वसतिगृहात किंवा दोघी-तिघींच्या भाड्याच्या खोलीत ठेवलं असतं आणि शुक्रवारी रात्री घरी आणलं असतं. खर्च होईल. पण पहिलं वर्ष तिचं कामाकडे लक्ष राहील आणि झोप पूर्ण होईल. पुढे कामाचे काही दिवस घरून करण्याची मुभा मिळाली, की लोणावळ्याहून जाण्याचा विचार पुन्हा करा.

प्रश्न : पास महिन्याचा काढावा की तीन महिन्यांचा? आणि तोच पास एक्स्प्रेसला चालतो का?
– एक विद्यार्थी, कामशेत

उत्तर : तीन महिन्यांच्या पासाला मासिक पासाच्या २.७ पट पैसे पडतात, म्हणजे थोडी बचत होते आणि रांगही वाचते. पण मधे परीक्षेची किंवा दिवाळीची मोठी सुट्टी येत असेल, तर महिन्याचाच काढ. विद्यार्थ्यांना पासात सवलत असते. त्यासाठी कॉलेजचा दाखला लागतो, तो सत्र सुरू होताच मागून ठेव, कारण पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या खिडकीवर गर्दी असते. सुपरफास्ट गाडीसाठी पासावर अधिभार भरावा लागतो, आणि पास असला तरी आरक्षित डब्यात बसता येत नाही. कोणत्या गाडीत पासधारकांना परवानगी आहे, हे स्टेशनवर विचारूनच चढ. तुला कामशेतहून जायचं आहे, तिथे बहुतेक एक्स्प्रेस थांबतही नाहीत. तेव्हा लोकलचाच पास काढ आणि सकाळी मधल्या डब्यांपेक्षा टोकाच्या डब्यांकडे जा, तिथे गर्दी थोडी कमी असते.